कामाक माणूस गावणा नाय, माणसाक काम गावणा नाय

बोंडू
मंडळी, बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. परवा एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. चाकणला परत कपातीची कुजबुज आहे म्हणाला. "तुझ्यासारखं गावाला येऊन काहीतरी टाकावं म्हणतो. काजूचं कसं आहे रे?" तासभर बोललो, पण धड सांगता आलं नाही. म्हणून हा धागा. लांबेल, चहा घेऊन बसा.

मी कुडाळ तालुक्यातला. चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत बारा वर्षं स्टोअरला होतो. जुलै २०१९ मध्ये देशातली प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या जुलैपेक्षा जवळजवळ ३१ टक्क्यांनी घसरली, हे मी नंतर पेपरात वाचलं. आम्हाला ते रॅकवरच कळलं होतं. माल येत होता, जात नव्हता. आधी आठवड्याला एक दिवस बंद, मग दोन. पहिली कंत्राटी पोरं गेली, मग आमचा नंबर. कपात म्हणाले नाहीत, राजीनामे लिहून घेतले.

दुसरी नोकरी शोधण्यात सहा महिने गेले आणि वर लॉकडाऊन. गावाला आलो तो थेट शाळेत, चौदा दिवस. ज्या वर्गात चौथी शिकलो त्याच वर्गात झोपायचं, आई लांबवर डबा ठेवून जायची. गणपतीला 'कधी येताय' म्हणून फोन करणाऱ्यांनीच वेशीवर बांबू आडवे बांधले होते. त्यांचंही चूक नव्हतं म्हणा.

मग काजू युनिट. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अर्ज केला, बायकोच्या नावावर. कारण ग्रामीण भागात सर्वसाधारण पुरुषाला अनुदान २५ टक्के, बाईला ३५ टक्के आणि स्वतःचा हिस्सा १० ऐवजी ५ टक्के. प्रकल्प ८ लाखांचा. आमचे ४० हजार, बाकी बँक. २ लाख ८० हजार अनुदान. आता इथे लोक फसतात. हे पैसे हातात येत नाहीत. बँक ते तुमच्या नावावर तीन वर्षं ठेव म्हणून बाजूला ठेवते. त्यावर व्याज मिळत नाही, तेवढ्या कर्जावर लागतही नाही. युनिट चालू राहिलं तर तीन वर्षांनी ते कर्जात वळतं होतं. 'सबसिडीत गाडी घेऊ' म्हणणारे दोघं माझ्याच बॅचला होते.

पण युनिट यंत्रांवर अडत नाही, बी विकत घेण्यावर अडतं. बी मार्च ते मे येते. वर्षभर चालवायचं तर वर्षाची बी तीन महिन्यांत, रोखीने भरावी लागते. मला १० टन हवी होती. तेव्हा भाव किलोला १२० च्या आसपास, म्हणजे १२ लाख. प्रकल्पात खेळतं भांडवल होतं २ लाख, वर माझा पीएफ १ लाख ६० हजार. तीन टन घेतली. त्यात १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आलं, शेडचे सहा पत्रे शेजारच्या माडात जाऊन अडकले. नऊ पोती भिजली. भिजलेली बी पुन्हा वाळवली तरी आतला गर पिवळा पडतो आणि व्यापारी मूठभर हातात घेऊनच बाजूला सारतो. घराच्या पत्र्यांचे पैसे आले, बियांचे नाहीत.

चार किलो बीला एक किलो गर, हा ढोबळ हिशेब. बी वाफवायची, रात्रभर निववायची, सकाळी कटिंग, म्हणजे टरफल फोडून गर काढणं. कटिंगला चार बायका, तीनशे रुपये हजेरी. टरफलाचं तेल हाताला लागलं की कातडी सोलून निघते. हातमोजे आणले, पण मोज्यात बी नीट धरता येत नाही म्हणून त्या खोबरेल आणि राख चोळूनच बसतात. मग ड्रायर, सोलणी, ग्रेडिंग. सोलणी-ग्रेडिंग घरच्या घरी होतं, त्यामुळे तो खर्च नाही. जुलैत बी संपली, आणि ऑगस्टमध्ये गणपतीची मागणी आली तेव्हा माझ्याकडे विकायला माल नाही.

आता पाच सिझन झाले. हप्ता थकलेला नाही. चाकणला होता त्या पगाराच्या निम्म्याच्या आसपास सुटतात. वाईट नाही, पण 'धंदा लागला' म्हणायची छाती होत नाही. मित्राला काय सांगू? आणि धाग्याच्या नावाचा प्रश्नही आहेच: माझ्या वाडीत सात पोरं रिकामी फिरतात आणि मला कटिंगला, बागेत फवारणीला माणूस मिळत नाही. हे गणित काय आहे?

पेजभात
वाचतेय. असं कागद-पेन घेऊन लिहिणारे कमी. अवांतर: वेंगुर्ला ४ जातीची बी की गावठी?

बोंडू
मिश्र. वेंगुर्ला ४ आणि ७ ची बी मोठी, गर चांगला निघतो. गावठीची चव मात्र तिचीच.

गिरणगावकर
वय ६९. नातू टाईप करून देतोय, चुका त्याच्या.

१९७६ मध्ये परळला गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो. बदली म्हणजे रोज गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर आत. राहायला गावच्या मंडळाची खोली. दहा बाय बारा, माणसं वीस-बावीस. पाळीप्रमाणे झोपायचं. माझी वळकटी आणि रात्रपाळीवाल्याची वळकटी एकाच जागेवर पडायची, पण आम्ही दोघं रविवारीच भेटायचो. महिन्याला गावी मनीऑर्डर. कोकणाला लोक मनीऑर्डरवर जगणारा मुलूख म्हणायचे, त्यात खोटं काही नव्हतं.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. आम्हाला वाटलं शिमगा करू नि परत जाऊ. शिमगा झाला, पेरणी झाली, गणपती झाले. पोस्टमन आमच्या दारावरून सरळ पुढे जायला लागला, तेव्हा म्हातारीने विचारलं, "काय रे, पत्ता बदललास काय?" आमचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत, त्यांनी तो संप रीतसर मागे घेतलाच नाही. त्या हिशेबाने मी अजून संपावर आहे.

तेव्हा मंदी हा शब्द आमच्या तोंडात नव्हता, 'मुंबय बसली' म्हणायचो. आठ वर्षं मिळेल ते केलं. चिरे काढले, दुसऱ्याच्या बागेत आंबे उतरवले. १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबागेची योजना आली, खड्ड्यापासून कलमापर्यंत शंभर टक्के अनुदान. वरकस कातळावर साठ हापूस लावले. शेजारी म्हणाले, कातळात आंबा? सुरुंग लावून खड्डे केले, माती बाहेरून आणून भरली. पण कलम धरायला सहा-सात वर्षं. तोवर खायचं काय, याची योजना कुणी काढत नाही. आमच्यात ती सात वर्षं धाकट्या भावाने डोंबिवलीहून पाठवलेल्या पैशांवर निघाली. म्हणजे बाग माझ्या नावावर, पण शिंपली त्याने. आता सातबाऱ्यावरून आमचं बोलणं बंद आहे, ते सोडा.

कोथरूडचा_कोकणी
धागा छान. पण एक कळत नाही. घर स्वतःचं, जमीन आहे, भात घरचं. पुण्यात भाडं भरणाऱ्याची मंदी आणि तुमची मंदी एक कशी? चार गुंठे विकले तरी खेळतं भांडवल उभं राहील. रस्त्यालगत काय भाव चाललेत बघा जरा.

बोंडू
साहेब, माझ्या सातबाऱ्यावर ४३ नावं आहेत. त्यातली ११ माणसं वारलीत, दोघं बडोद्याला, एक कुठे आहे कुणालाच माहीत नाही. विकणं सोडा, तारण ठेवायला गेलो तर बँकेच्या साहेबांनी उतारा पाहून मलाच पाणी दिलं. १० लाखांपर्यंतच्या या कर्जाला तारण लागत नाही म्हणून युनिट झालं. आणि भात घरचं? पेरतो एवढं, वानर आणि गवे ठेवतील तेवढं घरचं.

कोथरूडचा_कोकणी
४३!! आमच्यात २९ आहेत. मागे घेतो शब्द.

जेट्टीवरून
मी दापोली-मंडणगड पट्ट्यातला. आमच्याकडे मुंबईच्या जागी आखात वाचा. बाकी गोष्ट तीच.

नोव्हेंबर २००९ मध्ये दुबई वर्ल्डने देणी लांबणीवर टाकली, त्या हिवाळ्यात आमच्या मोहल्ल्यात एकामागून एक माणसं परत आली. माझे मोठे भाऊ सौदीत होते म्हणून वाचले. त्यांचा नंबर नंतर लागला. जुलै २०१७ पासून तिकडे परदेशी कामगाराच्या कुटुंबावर कर बसला, माणशी महिना १०० रियाल, आणि दर वर्षी शंभराने वाढत जाणारा. भावजय आणि तीन मुलं म्हणजे महिन्याला ४००, दुसऱ्या वर्षी ८००. घरच्यांना इकडे पाठवून दिलं. मुलं अरबी-इंग्रजीत वाढलेली, इथल्या शाळेत मराठीच्या तासाला रडायची. वर्षभराने भाऊही आले.

आमच्याकडे परत आलेला माणूस आधी वडापची (शेअर प्रवासी) गाडी घेतो, मग मोबाईलचं दुकान टाकतो, मग पुन्हा व्हिसा शोधतो. भावाने तिन्ही केलं, याच क्रमाने. एका स्टॅण्डवर अकरा वडाप आणि प्रवासी नऊ. दुकान चाललं असतं, पण सगळे नातेवाईक उधार नेणारे. 'परदेशातून आलाय' म्हटल्यावर पैसे मागायला तो आणि द्यायला आम्ही, असं होत नाही ना कधी.

भाऊ सध्या कतारला. पन्नाशी उलटलीय.

प्रकल्प_हवाच
या सगळ्याचं उत्तर एकच. नाणारच्या रिफायनरीला २०१९ मध्ये नको म्हणालात, बारसूला २०२३ मध्ये तिच्या सर्वेक्षणालाही विरोध केलात. मग पोरं चाकणलाच जाणार. आंदोलनं करा आणि मंदीचे धागे काढा.

लालमाती
दाभोळचा वीज प्रकल्प मे २००१ मध्ये बंद पडला तेव्हा कुठे होतात? तिथल्या भरवशावर कर्ज काढून खोल्या बांधणारे, जीप घेणारे, खानावळी काढणारे माझ्या मामाच्या गावात होते. मोठ्या प्रकल्पालाही मंदी येते, आणि त्याला आली की आख्खा तालुका आडवा होतो.

प्रकल्प_हवाच
म्हणजे काहीच नको. छान.

लालमाती
'काहीच' आणि 'रिफायनरी' यांच्या मधे काही नसतंच का? चाळीस वर्षं आंब्याच्या पल्पचा एक धड कारखाना तालुक्याला…

व्यवस्थापक
रिफायनरीसाठी वेगळा धागा आहे, आठशे प्रतिसादांचा. तिकडे भांडावे. इथले पुढचे सहा प्रतिसाद उडवले आहेत.

भावी_सरपंच
अरे बोंडवा, तुका खरा सांगू? माझो धंदो राजकारण. हसू नकात.

शुद्ध लिहितो आता. २०१२ ला डिप्लोमा सिव्हिल झालो, नोकरी आठ हजारांची. त्यापेक्षा साहेबांबरोबर फिरलो. सरकारी छोट्या कामांत ३३ टक्के मजूर संस्थांना, ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना आणि ३४ टक्के खुल्या ठेकेदारांना, अशी वाटणी असते. बेरोजगार अभियंता म्हणून मी नोंदणी केली. कागदावर बेरोजगार असणं हाच माझा रोजगार. पाखाडी, साकव, वाडीचा रस्ता, संरक्षक भिंत, असली कामं. काम कुणाला मिळतं, हे वेगळं सांगायला नको. पण बिल कधी निघतं हे साहेबांनाही सांगता येत नाही. माझं एक बिल दोन मार्च उलटून गेले तरी अडकलंय. डंपरचा हप्ता मात्र पाच तारखेला बरोब्बर कापला जातो. वर बॅनर, दहीहंडी, क्रिकेटच्या ट्रॉफ्या, गणपतीला मुंबईहून फुकट बस. बाहेर सगळीकडे भरती बंद असते तेव्हा आमच्याकडे चालू असते, म्हणून तुझ्या वाडीतली ती सात रिकामी पोरं रिकामी नाहीत. त्यातली निदान तीन माझ्याकडे आहेत. संध्याकाळचं जेवण, पेट्रोल, आणि 'भाऊ' म्हणून मान. तीनशे रुपयांच्या हजेरीत तुझ्याकडे मान कुठे आहे?

आणखी एक. ग्रामपंचायतीला मुंबईहून गाड्या भरून मतदार येतात. दोन दिवस राहतात, वडे-सागोती खातात, सरपंच ठरवून जातात. पाणी आम्ही पाच वर्षं भरायचं. मी स्वतः त्या गाड्या आणतो, म्हणून माहीत.

पेजभात
इतका प्रामाणिक कार्यकर्ता प्रथमच पाहिला. मत देणार नाही, पण प्रतिसाद आवडला.

जाळं_वल्हं
रत्नागिरीकडचा मच्छीमार. 'कामाक माणूस नाय' याबद्दल थोडं.

आमच्या बोटीवर तांडेल (बोटीचा प्रमुख) गावचा, बाकी खलाशी नेपाळचे. बहुतेक बंदरांत हेच चित्र आहे, आणि आंब्याच्या बागांतले राखणदारही तिकडचेच. १ जून ते ३१ जुलै बंदी, तेव्हा ते घरी जातात. जाताना पुढच्या हंगामाची उचल मागतात. उचल नाही दिली तर दुसऱ्याच्या बोटीवर. दिली तरी दुसऱ्याच्या बोटीवर जाणारे असतात, मग नारळी पौर्णिमेला बोट किनाऱ्यालाच. डिझेल, बर्फ, वर एलईडी दिवे लावून रात्री मासळी ओढून नेणारे. बंदी आहे त्यावर, कागदावर.

आमचा पुतण्या मुंबईत एका इमारतीत रखवालदार आहे. आणि आमच्या बागेत रखवालदार नेपाळचा. दोघांना मिळणारे पैसे विचाराल तर फारसा फरक नाही. मग पुतण्या इथेच का राहत नाही? एकदा विचारलं. म्हणाला, "काका, तिकडे मी कामाला आहे. इथे तुमच्याकडे मी गडी होणार." याच्यावर मला उत्तर नाही सुचलं.

त्या नेपाळी पोराला, थापाला, मी पैसे पाठवायला दर महिन्याला दुकानात नेतो. पावती घडी घालून टोपीत ठेवतो. गिरणगावकर, तुमची मनीऑर्डर बंद नाही झाली हो, फक्त आता ती आमच्या गावातून निघते.

गिरणगावकर
नातवाने दोनदा वाचून दाखवलं. टोपीचं पटलं. आम्ही पावती ट्रंकेच्या झाकणात चिकटवायचो.

कोथरूडचा_कोकणी
बोंडू, बीच्या भावाचं काय? पेपरात काजू बागायतदारांची आंदोलनं वाचतो.

बोंडू
दुखरी नस. शेजारी गोव्याने २०२३ मध्ये किलोला १५० रुपये आधारभूत भाव केला. इकडे भाव पडले, बागायतदार २०० मागत रस्त्यावर आले. मोठे कारखानदार आफ्रिकेची बी आणतात, ती स्वस्त पडते, म्हणून इथला भाव दबतो. गंमत अशी की माझी स्वतःची दीडशे कलमं आहेत. भाव पडला की सकाळी बागायतदार म्हणून शिव्या घालतो आणि दुपारी कारखानदार म्हणून पोती भरतो. मोर्चाला गेलो होतो. घोषणा देताना मागून कुणीतरी म्हणालं, "हो खरेदीदार खय मधी इलो?"

सुरंगी
हिशेब दोनदा वाचला. यंत्रं आहेत, बी आहे, कटिंगच्या चार बायकांची हजेरी आहे. सोलणी-ग्रेडिंग 'घरच्या घरी, त्यामुळे तो खर्च नाही'. कोण करतं ते?

मी वेंगुर्ल्याकडे बचतगटात आहे. आमसुलं, आगळ (कोकमाचा घट्ट रस), कुळथाचं पीठ. सरसच्या प्रदर्शनाला मुंबईला जातो तेव्हा गिऱ्हाईक म्हणतं, "घरगुती आहे ना, मग एवढं महाग का?" घरगुती म्हणजे फुकट, हे आमच्या डोक्यात इतकं बसलंय की पहिली चार वर्षं आम्ही स्वतःची हजेरी किमतीत धरलीच नव्हती. कोकम फोडून फोडून नखं काळी, आणि गट 'नफ्यात'!

तुमच्या युनिटच्या अर्जावर सही कुणाची? ३५ टक्के कुणामुळे मिळाले? एक किलो गर सोलायला किती वेळ लागतो ते तुम्ही लिहिलं नाहीत, कारण तुम्ही सोलत नाही. ड्रायरमधून निघालेला गर गरम असताना साल सुटते, निवला की सुरीने खरवडावी लागते, आणि सुरी जरा आत गेली की त्याची पाकळी होते, म्हणजे अख्ख्या गराचे दोन तुकडे, आणि भाव पडतो. कटिंगवाली तीनशे घेऊन पाच वाजता घरी जाते. ही कधी उठते?

मंदीत 'स्वयंरोजगार' टिकतो तो का, याचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. घरात एक माणूस बिनपगारी असतं. तुमच्याकडे तुमची बायको, गिरणगावकरांकडे डोंबिवलीचा भाऊ. राग मानू नका.

लालमाती
+१. भारी प्रतिसाद.

भावी_सरपंच
ताई, आमच्या प्रचाराला या. नको, आमचीच पंचाईत होईल.

जेट्टीवरून
भावजयीला वाचून दाखवलं. ती शिवणकाम करते, भाऊ कतारला असल्यापासून घर त्यावरच. म्हणाली, "ह्या बाईला माझा सलाम सांग."

बोंडू
दोन दिवस आलो नाही. राग म्हणून नाही, सुचत नव्हतं.

सुरंगीताई, हिशेब केला. परवा रात्री घड्याळ लावून मीच सोलायला बसलो. दोन तासांत माझ्याने सव्वा किलो झालं, त्यातली निम्मी पाकळी. ती तेवढ्या वेळात साडेतीन करते, आणि त्यात पाकळी मूठभर. तिची हजेरी कटिंगच्याच दराने धरली तरी माझ्या 'निम्म्या पगारा'तला तिसरा हिस्सा तिचा निघतो. म्हणजे मी चाकणच्या तुलनेत निम्म्यावर नाही, एक-तृतीयांशावर आहे. मित्राला आता हा आकडा सांगितला. तो गप्प झाला, मग म्हणाला, "आमची ही शिक्षिका आहे रे, ती नाही बसणार सोलायला." मी म्हटलं, मग काजू टाकू नकोस. गावाला ये, पण आधी तिची बदली इकडे होते का बघ.

काल वहीत नवीन रकाना आखला, वर तिचं नाव लिहिलं. तिने बोट फिरवत खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "आणि मागच्या पाच सिझनचं?"

मी म्हटलं, बँकेत ठेव असते ना तीन वर्षांची, तसं समज.

"त्यावर व्याज नसतं," म्हणाली.

सुरंगी
बाईला माझ्याकडून एक आगळाची बाटली.

पेजभात
अवांतर होतंय, पण पाकळी किलोला काय भाव? दिवाळीआधी दोन किलो हवी, पार्सल ठाण्याला.

बोंडू
विपू (खाजगी निरोप) करा. भाव तिला विचारून सांगतो.